आयुषची उजवी मूठ

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. शब्द सापडत नव्हते असं मात्र म्हणणार नाही — बोलणं हे माझं कामच आहे. खामगावात मी लहान मुलांची फिजिओथेरपी करते. आयांना समजावते, की पालथं होणं, रांगणं, हात पुढे करणं यातूनच बाळाचा मेंदू घडत असतो. हे मी ठामपणे सांगते, कारण मला ते पक्कं ठाऊक आहे. ठाऊक तर तेव्हाही होतं.

माझं सासर वरवट बकालचं. माझी स्वरा आणि धाकट्या जावेचा, वैशालीचा, आयुष — दोघं पाठोपाठ जन्मली. रजेचे शेवटचे महिने मी सासरीच काढले. स्वराला रोज थोडा वेळ पालथं ठेवायची. मान सावरते, खांद्यात बळ येतं. ती रडायची. सासूबाई म्हणायच्या, "लेकराले काऊन तरास देऊन राह्यली?" एकदा पाहुण्यांसमोर वैशाली म्हणाली, "ताईचं सगळं पुस्तकातलं असते." सगळे हसले. मीही हसले. एवढंच घडलं होतं — पण मी ते मनात धरून ठेवलं.

नवजात बाळाच्या तळहातावर बोट ठेवलं की मूठ आपोआप मिटते. ती पकड त्याच्या मनाची नसते, जन्मासोबत आलेली असते. काही महिन्यांत ती सुटते, हात उघडतो, आणि मग मूल हवं ते हवं तसं धरायला शिकतं. आयुषचा डावा हात तसा उघडला. उजवा नाही. अंगठा आत, मूठ घट्ट. मी खुळखुळा त्याच्या उजव्या बाजूला धरून पाहिला, तर अख्खं अंग वळवून तो डाव्याच हातानं घ्यायला आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिलं. तेच.

इतकं लहान मूल एकच हात वापरत असेल, तर दुसरा तपासायलाच हवा. हे मी परक्या बायांना बसस्टँडवरसुद्धा थांबवून सांगितलेलं आहे. मग घरात?

घरात वैशालीनं आपणहून विचारलं. अंगणात आयुषला मांडीवर घेऊन बसली होती. हसत नव्हती. "ताई, हा उजव्या हातानं काहीच काऊन नाही धरत?"

मी म्हणाले, "डावखुरा असन वं. मामंजी नव्हते का डावखुरे?"

तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. ती आत जाऊन सासूबाईंना सांगून आली — आजोबांवर गेला म्हणे. घरात कौतुक झालं. आणि मी गप्प बसले.

का? घाबरवायचं नव्हतं म्हणून? नाही. खात्री नव्हती म्हणून? तेही नाही. माझं पुस्तक त्यांना एक दिवस लागेल, तेव्हा कळेल — असं मला वाटलं होतं. हे वाक्य मी मनात जसंच्या तसं म्हटलं होतं. एका तान्ह्या लेकराच्या हातावर मी माझ्या अपमानाचं उट्टं काढत होते.

रजा संपली, मी खामगावला परतले. दिवाळीला गेले तेव्हा आयुष बसायला लागला होता. खेळता खेळता तो उजवीकडे कलंडला. पडताना मूल हात पुढे टाकतं, स्वतःला सावरतं. त्याचा हात आलाच नाही. ओट्याची कड थेट कपाळाला लागली. रक्त पाहून वैशाली किंचाळली, आणि तेव्हा कुठे मी तोंड उघडलं — याचा उजवा हात डॉक्टरांना दाखवायला हवा.

अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, जन्माच्या सुमारास मेंदूला इजा झालेली होती. ती माझ्यामुळे नव्हे. पण व्यायाम सुरू व्हायला गेलेले महिने माझ्यामुळे गेले, आणि त्या वयातले महिने किती मोलाचे असतात ते मला कोणी शिकवायची गरज नाही. लवकर सुरुवात झाली असती तर हात किती सुधारला असता? ते कोणालाच सांगता येणार नाही. मी या उत्तराच्या आड लपू शकते, हेही मला कळतं.

आयुष आता शाळेत जातो. सायकल चालवतो, डाव्या हातानं सुरेख चित्रं काढतो. शर्टाची बटणं मात्र वैशाली लावून देते.

परवा गावात कोणाच्या तरी बारशात ती बायांना माझ्याकडे बोट दाखवून सांगत होती, "आमच्या ताईनं पाहताबरोबर ओळखलं."

ते खरं आहे. पाहताबरोबरच ओळखलं होतं.