रोहूचं हृदय आणि शेजारची राइस मिल

आमच्या लॅबमध्ये किस्से कोंड्यासारखे जमतात. शेजारी राइस मिल आहे ना! सकाळी झाडून घ्या, दुपारी टेबलावर पुन्हा थर. त्यात खरं किती अन् माझ्या पदरचं किती, ते तुम्हीच पाखडून घ्या.

लॅब पटले मॅडमची. गोंदियाच्या एका कॉलेजात त्या हृदयावर संशोधन करतात. मी कटरे, फिजिक्सचा मास्तर. एखादी मशीन बिघडली की मला बोलावतात. मी हात लावला की दुसरीही बिघडते!

*

मॅडमचा विषय आयन चॅनेल. हृदयाच्या पेशीला अतिबारीक दारं असतात, ती उघडमीट करतात म्हणून ठोका पडतो. केशोरीहून आलेल्या सासूबाईंना मॅडमनी हे चहा थंड होईस्तोवर समजावलं.

सासूबाई म्हणाल्या, "एवढी शिकली, अन् दारं पाहून रायली? आपल्या गोठ्याचं दार कवापासून लागत नाही, थे पाय ना आधी!"

*

गावात मात्र बातमी अशी, की कॉलेजात दिलाची डॉक्टरीण बसते. एक दिवस नागरा गावचे एक काका शर्टाची बटणं सोडतच आत शिरले. "मॅडम, छातीत भल्ली धडधड होऊन रायली."

"काका, मी माणसांची डॉक्टर नाही हो. माशांच्या हृदयावर काम करते."

काका निवांत खुर्चीत बसले. "चालते ना! मी बी रोज मासेच खातो."

गाडीवर घालून दवाखान्यात नेलं. निघाला गॅस!

*

मासे चोरखमाऱ्याच्या तलावातले. जिवंत रोहू लागतो, हृदय ठणठणीत पाहिजे. मॅडमनी मासेवाल्याला तसं सांगितलं, तर तो म्हणतो, "मॅडम, याले कायचं टेन्शन? दिवसभर पोहून रायला!"

परतीला मी गाडी चालवतोय, मागे मॅडम, त्यांच्या मांडीवर बादली, बादलीत रोहू. प्रत्येक खड्ड्याला मॅडम ओरडायच्या, "सर, हळू! त्याचे ठोके वाढतील!"

माझ्या ठोक्यांची चौकशी नाही!

*

आता लॅबचा रिवाज सांगतो. हृदय मॅडमचं, बाकी मासा आमचा. त्याला औषध नाही, इंजेक्शन नाही, ताजा फडफडीत. हृदय टेबलावर गेलं की मी मागच्या दारी स्टोव्ह पेटवतो. लसूण, मिरची, मोहरीचं तेल!

पहिल्यांदा वास भिंतीपलीकडे गेला, तेव्हा मिलची घरघर अचानक थांबली. मिलचा मिस्त्री ताट घेऊन दारात उभा, मागे सगळे हमाल. शेठजी पक्के शाकाहारी. नाकाला रुमाल लावून भिंतीवरून ओरडले, "ये मिल है या ढाबा!"

मिस्त्री म्हणाला, "शेठजी, मशीन गरम झाली. थंडी होऊन रायली."

*

आणि मग आली कमिटी. मॅडमचं काम पाहून लॅब ठेवायची की बंद करायची, हे ती ठरवणार होती. प्राचार्यांना निकाल आधीच माहीत असावा, कारण खोलीत खेळाचे कॅरम बोर्ड येऊन पडले होते!

मॅडमना फक्त एक दार उघडताना दाखवायचं होतं. त्यासाठी केसाहून बारीक काचेची नळी पेशीला टेकवायची, तिला जोडलेला पाइप तोंडात धरून अलगद ओढायचं. नळी पेशीला चिकटली, तर पडद्यावर दिसतं. टेबल जरा हललं की खेळ खलास.

आदल्या दिवशी मॅडम शेठजींकडे गेल्या. "घंटाभर मिल बंद ठेवाल?"

"मॅडम, धान का सीज़न है! आपकी मछली का दिल है, मेरी तो जान है ये मिल!"

मला मॅडमनी ताकीद दिली, "सर, उद्या कढई दिसली नाही पाहिजे. इज्जतीचा प्रश्न आहे."

कमिटी बसली. मॅडमनी पाइप तोंडात धरला. भिंतीपलीकडे घर्रर्र! नळी सुटली. दुसरी नळी. घर्रर्र! तीही सुटली. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. प्राचार्यांनी कॅरम बोर्ड पाहिले.

डिशमध्ये शेवटची धडधाकट पेशी उरली. मॅडमच्या तोंडात पाइप, बोलता येईना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मागच्या दाराकडे. मग पुन्हा माझ्याकडे, डोळे वटारून.

मी उठलो.

तेल तापलं. लसूण पडला. मासा पडला, चर्रर्र!

मिल थांबली.

हात पुसत आत आलो, तर पडद्यावर हिरवी रेघ टुणकन वर, टुणकन खाली. दार उघडतंय, मिटतंय! अध्यक्ष खुर्चीतून उठले. "ही लॅब बंद करायची म्हणता?"

"छे छे!" म्हणत प्राचार्यांनी स्वतः एक कॅरम बोर्ड उचलला.

"इतकं स्थिर रेकॉर्डिंग!" अध्यक्ष म्हणाले. "मॅडम, कंपनं रोखायला कोणती सिस्टीम वापरता?"

मॅडमनी तोंडातला पाइप काही काढला नाही. फक्त माझ्याकडे बोट केलं.

"देशी आहे, सर," मी म्हणालो.

"उत्तम! आमच्याकडेही बसवून द्या. काय काय लागेल?"

मी विचारलं, "तुमच्याकडे तिखट किती चालते?"