रुपराव हेडाऊंचा पेचकस

रुपराव हेडाऊ स्वतःबद्दल बोलायला लागले की ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस कुणा वैऱ्याची निंदा करतोय. कचेरीबाहेरच्या टपरीवर चहाचा कप हातात आला की त्यांचं पुराण सुरू व्हायचं. आपण पंखा दुरुस्त केला आणि तेव्हापासून तो छताला वारा घालतो. आपण इस्त्री दुरुस्त केली, आता तिची मूठ तापते आणि पत्रा गार राहतो. घराणं उमरेडच्या कोष्ट्यांचं, चांगलं नावाजलेलं. पण वडिलांनी यांना मागावरून उठवून शाळेत घातलं ते पोराच्या भल्यासाठी नव्हे, मागाच्या भल्यासाठी, असं ते स्वतःच सांगत आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच हसत.

हसवणाऱ्या माणसाचं एक बरं असतं. लोक पोट धरून हसतात आणि पंखा नीट कधी होणार, हे विचारायचं विसरतात. प्रताप नगरातल्या घरी कौसल्याबाई मात्र विसरत नसत. उन्हाळ्यात त्या छताकडे बघत, मग नवऱ्याकडे बघत, आणि हातपंखा उचलत.

अशा या घरात कॉम्प्युटर आला. आणला कौसल्याबाईंच्या धाकट्या भावानं, बळीरामनं. तो मस्कतला नोकरीला होता आणि दिवाळीच्या सुट्टीत येताना बहिणीला साडी नि भाऊजींना हे मशीन घेऊन आला. तेव्हा नागपुरात कॉम्प्युटर म्हणजे मोठ्या कचेरीत काचेमागे ठेवायची चीज. घरात कुणाच्या असेल तर तो डॉक्टर नाहीतर फार शिकलेला. रुपरावांची छाती दोन बोटं फुगली. वस्तू म्हणाल तर पाटीएवढी, काळी, वर रबराची बटणं. टीव्हीला जोडली की पडद्यावर अक्षरं उमटत. पण त्याला एक खोड होती. बंद केला की शिकवलेलं सगळं तो विसरायचा. म्हणून त्याला शिकवलेला धडा गाण्याच्या साध्या कॅसेटवर भरून ठेवावा लागे. टेपरेकॉर्डरला तार जोडायची, बटण दाबायचं, की कॉम्प्युटर आपला धडा चिरक्या आवाजात कॅसेटवर ओतायचा. दुसऱ्या दिवशी तीच किंचाळी त्याला परत ऐकवली की त्याला सगळं आठवायचं. ऐकवताना तार जोडलेली असली की टेपचा आवाज खोलीत येत नसे. टेप काय बोलतोय ते एकट्या कॉम्प्युटरला कळे.

बळीरामनं त्याच सुट्टीत आणखी एक काम केलं होतं. भिवापूरला आईकडे सगळे जमले असताना त्यानं टेपरेकॉर्डर लावून रुख्माबाईंचं, म्हणजे आईचं, बोलणं कॅसेटच्या दोन्ही बाजू भरून घेतलं. गाणं नाही, भजन नाही, नुसतं घरातलं बोलणं. म्हातारी अंगणात मिरच्यांचे देठ खुडत बसली होती, लेकीला हाका मारत होती, जावयाला चहा विचारत होती. पौषात ती गेली. बळीरामला मस्कतहून येता आलं नाही, मातीला हात लागला नाही, आणि ते त्याच्या मनात काट्यासारखं राहिलं. कौसल्याबाईंजवळ ती कॅसेट होती. त्यांनी ती ऐकली, रडल्या, पुन्हा ऐकली, मग रुमालात गुंडाळून शिलाई मशीनच्या खणात ठेवून दिली. अक्षयतृतीयेला पितरांना पाणी द्यायचं, आईच्या नावानं घागर भरायची ती पहिलीच वेळ. तेव्हा बळीरामही सुट्टीवर येणार होता. दोघं भावंडं बसून आईला ऐकतील, असं त्यांनी त्याला पत्रानं कळवूनही टाकलं होतं.

आता शिलाई मशीनच्या खणात आणखी काय असतं? तेलाची कुपी. आणि तेल कुणाला लागतं? ज्याच्या हातात पेचकस आहे त्याला.

रुपराव तेल शोधायला गेले आणि त्यांना कॅसेट सापडली. वर नाव नाही, गाव नाही. निनावी वस्तू म्हणजे बेवारस, असा त्यांनी सरकारी माणसाला शोभेलसा निकाल दिला. रुमाल पाहून तरी थांबायचं; पण रुमाल त्यांना तेलाचा हात पुसायला कामी आला. त्यांनी त्या दिवशी मोठा पराक्रम केला होता. मासिकात बघून, एकेक बटण शोधून, कॉम्प्युटरला पहिला धडा शिकवला होता. पाहुण्याचं नाव विचारायचं आणि ते नाव घालून पडदाभर नमस्कार लिहायचा, एवढाच. कौसल्याबाईंना हाक मारून त्यांचं नाव इंग्रजीत टीव्हीवर उमटवून दाखवलं. त्या म्हणाल्या, मी इथंच उभी आहे, मला टीव्हीतून कशाला बोलावता, आणि पोळ्या करायला गेल्या. रुपरावांनी तो धडा त्या बेवारस कॅसेटच्या सुरुवातीला भरून टाकला आणि वर 'कॉम्प्युटर' अशी चिठ्ठी चिकटवली.

वाचणाऱ्याला काय झालं ते कळलंच असेल. रुपरावांना कळायला अक्षयतृतीया उजाडावी लागली.

पुढचे काही दिवस सुखाचे गेले. शेजारी येत, आपलं नाव पडद्यावर बघत, चहा पिऊन जात. पण रुपरावांचा हात स्वस्थ बसणारा नव्हता. चालत्या वस्तूची निगा राखायची हौस त्यांना फार. उन्हाळा लागला तसं कॉम्प्युटरला तापू नये म्हणून त्यांनी त्याला कूलरसमोर बसवलं. घरची माणसं घामाघूम, आणि मशीन वाळ्याच्या गारव्यात. मग कॅसेटची पाळी आली. तिच्यावरची 'कॉम्प्युटर' ही चिठ्ठी तेलकट झालेली. त्यांनी ती सोलून काढली, कॅसेट स्पिरिटनं चकचकीत पुसली आणि कोऱ्या कागदावर वळणदार अक्षर काढून नवी चिठ्ठी चिकटवली. पुसता पुसता कॅसेट हातात पालटली होती. चिठ्ठी बसली ती दुसऱ्या बाजूला.

त्या दिवसापासून कॉम्प्युटरला काही आठवेना.

चिठ्ठी बघून रुपराव कॅसेट घालत, तार जोडत, बटण दाबत. टेप फिरे. टीव्हीच्या कडेनं रंगीत पट्टे उमटत, कधी जाड, कधी बारीक, मध्येच थांबत, पुन्हा सुरू होत. धडा काही येईना. रुपरावांना वाटे, मशीन विचार करतंय. त्यांनी टेपचं डोकं कापसानं पुसलं. तारेची टोकं घासली. व्होल्टेजला शिव्या दिल्या, उन्हाला दिल्या, शेवटी कूलरला दिल्या आणि मशीन तिथून उचलून स्वयंपाकघराच्या दारात नेलं. तिथं तिखटाची फोडणी बसली तशी बटणं चिकट झाली, म्हणून ती एकेक उपटून धुतली आणि लावताना दोन अक्षरांची जागा बदलली. टपरीवर मात्र चंगळ झाली. कॉम्प्युटर माझ्यासारखाच निघाला गा, सारं आयकून घेते आन काहीच करत नाही, असं त्यांनी सांगितलं आणि अख्खी टपरी हसली.

खरं तर रोज संध्याकाळी रुख्माबाई त्या तारेतून बोलत होत्या. त्यांनी श्वास घेतला की पट्टे थांबत, आणि त्या पुन्हा बोलू लागल्या की पडदा हलू लागे. जावई समोर बसून बघत असे.

अक्षयतृतीया आठवड्यावर आली तेव्हा कौसल्याबाईंनी खण उघडला. कॅसेट नव्हती. त्यांनी शिलाई मशीन पालथं घातलं, कपाट झाडलं, गाद्यांच्या खोळी उलट्या केल्या. रुपरावही शोधायला लागले, आणि मनापासून लागले. बॅटरी घेऊन माळ्यावर चढले, कोळ्याची जाळी डोक्यावर घेऊन उतरले. कशी होती कॅसेट, असं त्यांनी विचारलंसुद्धा. साधी होती, वर काही लिहिलं नव्हतं, असं त्या म्हणाल्या. रुपरावांच्या कॅसेटवर तर ठळक अक्षरात लिहिलं होतं, आणि ती खणातून आली हे ते केव्हाच विसरले होते, तेव्हा त्यांच्या मनाला शंकाही शिवली नाही. भिवापूरलाच राहिली असेल, असा त्यांनी धीर दिला. बळीरामला काय सांगायचं, या विचारानं कौसल्याबाईंचं जेवणावरून मन उडालं.

सणाच्या सकाळी बळीराम आला. मातीची घागर भरली, तिच्यावर आंबा ठेवला, आईच्या नावानं पाणी दिलं. पन्हं झालं, वडे झाले, कुरडया झाल्या. जेवणं उरकली तसा बळीराम हात पुसत बहिणीला म्हणाला, बाई, लाव आता. कौसल्याबाईंनी कॅसेट हरवल्याचं सांगितलं. बळीराम नुसता 'बरं' म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत बसला. ती गच्च झालेली खोली रुपरावांना सोसवेना. अशा वेळी त्यांना एकच औषध ठाऊक होतं, आपली फजिती दाखवायची. चला, तुमच्या मशीनचे मी काय हाल केले ते तरी पाहा, असं म्हणत त्यांनी मेव्हण्यासमोर टीव्ही, कॉम्प्युटर आणि टेप मांडला. कॅसेट घातली, बटण दाबलं. पट्टे हलू लागले. धडा आला नाही.

रुपरावांनी तोंडानं चालूच ठेवलं. आता तार खराब असणार, हा रोग मला जुना आहे, वगैरे. आणि टेप फिरत असतानाच त्यांनी तार खेचून काढली, तिचं टोक धोतराला पुसायला.

खोलीत रुख्माबाईंचा आवाज आला.

"जवाईबापू, तो रेडिओ चालू आहे जी. काहून खोलून राहिले?"

बळीराम आधी हसला. भिवापूरच्या ओसरीवर भाऊजींनी आईचा धडधाकट रेडिओ उघडून त्याची आतडी बाहेर काढली होती, ते त्याला लख्ख आठवलं. कौसल्याबाईही हसल्या, पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईतो हसल्या. माय सापडली, माय या डब्यातच होती, असं म्हणाल्या. रुपराव सगळ्यात मोठ्यानं हसले, कारण सुटका झाली असं त्यांना वाटलं. पलीकडे म्हातारी सांगतच होती, मिरची यंदा तिखट आहे, जाताना घेऊन जा.

मग कौसल्याबाई म्हणाल्या की पहिल्यापासून लावू. त्यांनी स्वतः कॅसेट काढली, पालटली, मागं नेली आणि बटण दाबलं. टेपमधून कॉम्प्युटरची किंचाळी आली. ती थांबेना. कौसल्याबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. रुपरावांचं हसू तोंडावर तसंच राहिलं. खणातली बेवारस कॅसेट, तेलाचा रुमाल, दोन्ही एका वेळी त्यांच्या डोळ्यांपुढं आलं. त्यांनी टेप बंद केला.

सवयीनं त्यांचं तोंड उघडलं. मी म्हणजे असा अवलिया की, इथपर्यंत वाक्य आलं.

"आज हसवू नका जी," कौसल्याबाई म्हणाल्या.

त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर रुपरावांना बरं वाटलं असतं. रागाला त्यांच्याकडे उत्तरं होती. त्या हळू आवाजात भावाला सांगत होत्या की सुरुवातीला मायनं मला नाव घेऊन हाक मारली होती. मी मागं परसात होते. दोनदा मारली होती, एकदा साधी आणि एकदा लांबवून, शेतातून मारायची तशी. बळीराम मान हलवत होता. त्याला आठवत होतं, त्यानंच तर बटण दाबलं होतं.

"तुम्ही एवढं खोलता, जोडता," कौसल्याबाई नवऱ्याला म्हणाल्या. "तेवढी हाक मले परत काढून देता येते का?"

"नाही," रुपराव म्हणाले. आयुष्यात एखाद्या दुरुस्तीला नाही म्हणण्याची त्यांची ती पहिलीच खेप होती.

त्यांना एवढंच माहीत होतं की कॅसेटच्या पाठीला, दोन टोकांना प्लास्टिकचे दोन इवलेसे तुकडे असतात. ते मोडून टाकले की त्या कॅसेटवर पुन्हा कुणाला काही भरता येत नाही. हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्यांनी पेचकस घेतला. बळीरामनं कॅसेट धरली. रुपरावांनी एक तुकडा मोडला, मग दुसरा, आणि कॅसेट बायकोच्या हातात दिली.

कौसल्याबाईंनी ती पुन्हा पहिल्यापासून लावली. किंचाळी सुरू झाली. पुढं ढकलू का, असं विचारायची रुपरावांची हिंमत झाली नाही. तिघांनी ती सगळी ऐकली. शेजारच्या बाई काय झालं म्हणून दारात डोकावून गेल्या. मग कर्कश आवाज तुटला, खरखर झाली, आणि रुख्माबाईंचा आवाज आला.

"आली का वं? बस मंग इथं."

"आली वं माय," कौसल्याबाई म्हणाल्या, आणि टेपजवळ जमिनीवर बसल्या.