खिशातला चुंबक

हाटकेश भागातल्या गाळ्यात गाड्यांचे पत्रे ठोकणारा तो डेंटर मूळचा उत्तनचा. कुठलीही गाडी आली की खिशातून लोहचुंबक काढायचा आणि पत्र्यावर जागोजागी लावत जायचा. चिकटला तर म्हणायचा, "पत्रा हाय." घसरला तर, "पुट्टी हाय." पुट्टी भरून गंज झाकणाऱ्यांचा त्याला भयंकर राग. "गाडीशी खोटं बोलतात," म्हणायचा.

बाबा गेल्यापासून त्यांची कॉन्टेसा गाडी सिल्व्हर पार्कला बदामाच्या झाडाखाली उघड्यावर सडत होती. शेवटी मी ती टो करून त्याच्याकडे नेली. डाव्या दाराखाली चुंबक घसरला. त्यानं पुट्टी खरवडली, तर आत भोकावर तारेची जाळी निघाली, चारही कोपरे नीट दुमडलेली. गंज तिथूनच पसरला होता.

त्याचा हात थांबला.

"कोपरे असे मीच दुमडतो," तो म्हणाला. "हे कामाला नवीन होतो तेव्हाचं. तुमच्या बाबांना सांगितलेलं, नवा पत्रा टाकला."

बाबा ते सगळ्यांना कौतुकानं सांगायचे.

चार महिने त्यानं सडका पत्रा कापून नवा जोडला. रंगाच्या आदल्या दिवशी मला बोलावलं आणि चुंबक माझ्या हातात दिला.

"तुमी लावा."

मी दाराखाली लावला. तो पाठ करून उभा होता, स्वच्छ हात पुन्हा पुसत.

"पत्रा हाय," मी म्हणालो.

तो वळला नाही.

"अजून एकदा लावा."