जोडीच्या थरात पाचवे

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे चिकूचा क्रेट भरणं. खाली पेंढा, त्यावर चिकू, परत पेंढा. मी वरच्या थराला मोठे लावले की ही काढून खाली घालायची.

"अहो, वर मोठे न् खाली गोट्या? घेणारा आंधळा आहे काय?"

"सगळे तसंच भरतात."

"भरू देत."

तेव्हा आमच्या डहाणू-तलासरीत जमीन सारखी हलायची. अख्खा पाडा रात्री बाहेर ताडपत्रीखाली झोपायचा. भूकंप मोजायच्या मशीनवाले साहेब सांगून गेले होते, जमिनीत थर असतात, ते सरकतात. ही म्हणाली होती, "लावणाऱ्यानं नीट लावले नसतील." साहेबांनी ते काही लिहून घेतलं नाही.

क्रेट भरता भरता भूकंपाचा सर्वेवाला आला. त्यानं माणसांचेही थर केले होते. म्हाताऱ्या जोड्यांचा एक, एकट्यांचा एक, असे. प्रत्येक थरातली पाचच घरं निवडून त्यांनाच विचारायचं, जमीन हलते तेव्हा काय काय होतं. जोडीच्या थरात आम्ही पाचवे. "उद्या येतो, दोघंही थांबा," म्हणाला.

हिला कोण आनंद! जन्मात कुणी तिला विचारून कागदावर काही लिहिलं नव्हतं. दुपारभर मला उत्तरं म्हणून दाखवली. आधी कोंबड्या गप्प होतात, मग मांडणीवरची भांडी वाजतात, मग चुलीकडची भिंत.

चारच्या सुमाराला पाणी प्यायला उठली, खाली बसली, ती गेलीच. उजेड होता तोवर जाळून आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर्वेवाला हजर. दारातली माणसं बघून वरमला.

"बाबा, वाईट झालं. पण आता तुम्ही एकट्यांच्या थरात. तो भरलाय."

"मग जोडीच्या?"

"तिथं दुसरी जोडी घ्यावी लागेल."

"मग मी कुठल्या?"

त्यानं कागद उलटेपालटे केले. "कुठल्याच नाही."

शेजारीण उसळली, "काल निवडलीस तेव्हा मावशी होती ना रे? का तुझ्यासाठी थांबायचं होतं तिनं?"

तेवढ्यात जमीन हलली. आम्ही बसूनच राहिलो, तो एकटा अंगणात पळाला. परत आल्यावर त्याला म्हटलं, "बस. लिही. आधी कोंबड्या गप्प होतात."

"हे तुमचं उत्तर का त्यांचं?"

"तिचं."

तो लिहू लागला. भिंतीपर्यंत सगळं सांगून झालं, तेव्हा त्यानं तिचं वय विचारलं. ते मला माहीत नव्हतं. माझंच लिहायला लावलं.