सेन्स घ्यायला आले होते

आमच्या बडोद्यात महापालिकेची निवडणूक आली, की पक्षाचे निरीक्षक बाहेरगावाहून ‘सेन्स’ घ्यायला येतात. म्हणजे वॉर्डात तिकीट कोणाला द्यावं, हे कार्यकर्त्यांना विचारतात. गेल्या खेपेला मीही गुडघ्याला बाशिंग बांधून गेले. वाडी भागातल्या आमच्या गल्लीत नळाला गटाराचं पाणी मिसळून येत होतं. इतकी वर्षं पक्षाच्या सतरंज्या उचलल्या, निदान एवढं एक काम आपल्या हातून व्हावं, असं मला फार वाटत होतं. शेजारच्या काकू कंबर धरून माझ्यासाठी रिक्षाने आल्या. “साहेब, तिकीट हिलाच आपो,” असं त्यांनी निरीक्षकांना बजावलं. निरीक्षकांनी मान डोलावली, आम्हाला चहा पाजला.

तिकीट मिळालं शहराच्या दुसऱ्या टोकाला, गोत्री भागात राहणाऱ्या एका बिल्डरला. तो सेन्सला आलाच नव्हता. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय! वर संध्याकाळी वॉर्डप्रमुखांचा फोन: “बहेन, तुमच्या गल्लीत त्याला कोणी ओळखत नाही. तुम्ही बरोबर फिरा.”

अपक्ष उभी राहते, म्हटलं. नवरा म्हणाला, “लोक माणूस बघत नाहीत गं, निशाणी बघतात.” त्याचं खरं होतं. घरोघर जाऊन ते मीच तर शिकवलं होतं.

गेले फिरायला. रागाने कान तापले होते, तरी दारोदार हसून सांगत होते, “हे आपले उमेदवार.” काकूंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“तू नथी उभी?”

“नाही काकू. पण हे पाण्याचं करणार आहेत.”

“थई जशे, बा,” काम होईल असा भरवसा देत तो हात जोडून म्हणाला.

“तू म्हणतेस म्हणून देते हो मत,” काकू मलाच म्हणाल्या.

तो निवडून आला. आमच्या गल्लीने त्याला भरभरून मतं दिली. पाणी मात्र तसंच राहिलं. सुरुवातीला तो माझा फोन उचलायचा, मग तेही बंद झालं.

परवा काकू अर्धी बादली घेऊन आल्या, त्या माझ्याच दारात. “वास घे,” म्हणाल्या. मी वाकून घेतला. शरमेने मान वर करवेना. त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं, पण त्यांनी बादली मोरीत ओतली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

“पुढल्या वेळी तू उभी राहा.”

“राहीन,” मी म्हटलं. आम्हा दोघींनाही ते खरं वाटलं नाही.