चित्राला ऊन दाखवलं

इंग्लंडमधल्या मेडनहेडच्या त्या घरात मी केअरर म्हणून तीन वर्षं काढली. काका एकटे. रिटायर्ड डॉक्टर, मूळचे पुण्याचे, तरुणपणीच इकडे आलेले. त्यांच्याकडे जपानी चित्रांचे अकरा स्क्रोल होते, लाकडी पेट्यांत गुंडाळून ठेवलेले. भिंतीवर एका वेळी एकच. काही दिवसांनी ते उतरवायचं, गुंडाळायचं आणि दुसरं लावायचं. आधी हे काम ते स्वतः करायचे. हात थरथरायला लागले तेव्हा मला शिकवलं.

"हात धुतलेस? परत धू. बांगड्या काढ. आठवीत शाळा सोडलेल्या बाईच्या हातात दोनशे वर्षं देतोय मी, कळतंय का?" गुंडाळी घट्ट झाली की म्हणायचे, "सुरळीची वडी करायला नाही सांगितलं." सैल झाली की, "ही काय सतरंजी आहे?"

पण शिकवलं, हे मी विसरत नाही. त्याआधी माझ्याशी चित्राबद्दल कुणी बोललंच नव्हतं. काका सांगायचे, चीनमधले जुने विद्वान दरबारची नोकरी सोडून डोंगरात जायचे, कविता लिहायचे, स्वतःपुरती चित्रं काढायचे. जपानमधल्या शिकलेल्या लोकांना ते फार आवडलं. त्यांना देश सोडून जायला बंदी होती. त्यांनी छापील पुस्तकं समोर ठेवली आणि कधीही न पाहिलेले चीनचे डोंगर जन्मभर काढले.

"आणि तू? इथं राहून थेम्स तरी पाहिलीस का?"

"हो काका, बसमधून."

"बसमधून," ते म्हणाले, आणि आठवडाभर येईल त्याला तेच सांगत राहिले.

त्यांचं सगळ्यात लाडकं चित्र रेशमावरचं होतं. मोठा डोंगर, खाली झोपडी, खिडकीत वाचत बसलेला माणूस, वर कोपऱ्यात कविता. सप्टेंबरात आठवडाभर पाऊस लागला आणि मग एक दिवस चांगलं कडक ऊन पडलं. काका जेवून झोपले होते. मी त्या चित्राची पेटी उघडली तर कुबट वास, आणि आत एक चंदेरी किडा. आमच्याकडे पाऊस सरला की गाद्यांना, डाळींना, सगळ्याला ऊन दाखवतात. काकांना उठवलं असतं तर झोप मोडली म्हणून ओरडले असते. मी चित्र मागच्या काचेच्या खोलीत, कॉन्झर्व्हेटरीत, पडद्याच्या दांडीला लावलं. वीस मिनिटांत काढू म्हटलं. तेवढ्यात त्यांच्या गोळ्या तयार आहेत असा फार्मसीचा मेसेज आला म्हणून गेले. तिथे रांग होती.

परत आले तेव्हा चित्राच्या कडा पापडासारख्या वळल्या होत्या. मागचा कागद सुटला होता. रेशीम डोंगराच्या मधोमध आडवं तडकलं होतं. बोट लावलं तर शाईची खपली बोटाला आली.

काठीचा आवाज आला. काका दारात होते.

"हे इथं कोणी लावलं?"

माझा व्हिसा एजन्सीच्या कामावर होता. तक्रार गेली की काम बंद, काम बंद की गावी परत. गावी माझ्या पैशांवर चार जण जेवत होते. काका ओरडले असते तर कदाचित मी खरं बोलले असते. ते ओरडले नाहीत.

"तुम्हीच ना, काका. सकाळी. वास येतोय म्हणालात. मी नको नको म्हणत होते."

त्या महिन्यात त्यांनी दोनदा गॅस चालू ठेवला होता. जेवून उठल्यावर, जेवायला कधी देतेस, असंही विचारलं होतं. ते माझ्याकडे बघत राहिले, मग स्वतःच्या हातांकडे.

"मी?"

"हो."

ते वेताच्या खुर्चीत बसले.

शनिवारी रीडिंगहून ताई आल्या, त्यांची मुलगी. जन्म इथलाच, मराठी तसंच. "तू मला ट्रुथ सांग. बाबा स्वतः केला हे? तू बघितली?"

मी हो म्हटलं. आणि तोवर लपवलेलं गॅसचंही सांगून टाकलं, म्हणजे पहिलं खरं वाटेल.

"थँक यू. तू सांगितली म्हणून बरं झाला."

महिन्याभरात काकांसाठी केअर होममध्ये खोली ठरली. ज्या नोकरीसाठी खोटं बोलले तीच गेली, असं मला वाटलं. पण ताईंनी एजन्सीला फोन करून मला आपल्या सासूबाईंसाठी मागून घेतलं. रीडिंगची माझी खोली मोठी आहे. पाहुणे आले की ताई सांगतात, शी इज व्हेरी ऑनेस्ट.

बॅगा भरताना काका म्हणाले, "तुला फार टाकून बोललो मी. शहाणी तूच निघालीस." मी "असू द्या" म्हटलं आणि स्वेटरच्या घड्या घालत राहिले.

रविवारी मी त्यांना भेटायला जाते. इतर दिवशी ते कुणाशी बोलत नाहीत म्हणे. मी गेले की एकच विचारतात.

"कसं लावलं मी ते? सांग ना. मला आठवलं पाहिजे. आठवलं तर सोडतील घरी."

मी सांगते. किचनमधलं स्टूल घेतलंत. मी स्टूल धरलं होतं. दोरी दोनदा निसटली. दर वेळी थोडं जास्त सांगावं लागतं, कारण ते नवीन काहीतरी विचारतात. गेल्या रविवारी विचारलं, अंगात काय होतं माझ्या? मी म्हटलं, निळं कार्डिगन.

त्यांनी डोळे मिटले. मग चेहरा उजळला.

"हो. निळं. बरोबर. आता दिसतंय मला."

माझा हात त्यांनी दोन्ही हातांत धरला होता. मला इतकं हायसं वाटलं की न विचारताच मी त्यांना सगळं परत पहिल्यापासून सांगितलं.