ग्रीन घर, पण रंग पांढरा

बांधकामावर वाळू कधी पुरत नाही आणि किस्से कधी संपत नाहीत! आमचं हिंगोलीतलं ऑफिस एका हळदीच्या व्यापाऱ्याच्या दुकानावर आहे. मी आर्किटेक्ट, साळवे इंजिनिअर. कमी पाण्यात, कमी विजेत चालणारी घरं बांधायची आणि त्यांना ग्रीन सर्टिफिकेट मिळवून द्यायचं, हे आमचं काम. चहाला बसलो की एकानं नुसतं एखाद्या गिऱ्हाइकाचं नाव काढायचं, दुसऱ्याला ठसका लागलाच म्हणून समजा.

*

गजाननरावांचं खताचं दुकान. पहिल्याच भेटीत त्यांनी थेट विचारलं, "मॅडम, ग्रीन घर पायजे. रंग कोणता देऊ?"

"गच्चीला पांढरा द्या. ऊन परतून जातं, खालची खोली थंड राहते."

"अन् भिंतीला?"

"तिथंही पांढराच द्या."

गजाननराव उठले आणि जिन्यातूनच बायकोला फोन लावला. आवाज असा, की फोनची गरजच नव्हती!

"बाई हुशार हाय, शिकेल बी हाय. पण रंग वळखू येत न्हाईत वाटते!"

*

सर्टिफिकेट म्हणजे घराची परीक्षाच असते. पाणी किती वाचतं, उजेड किती येतो, प्लॉटवरची झाडं राखली का, सगळ्याला मार्क. मार्कांवरून तारे. हे आम्ही एका रिटायर्ड हेडमास्तरांना फार उत्साहानं समजावून सांगितलं होतं.

निकाल आला. चार तारे! आम्ही पेढे घेऊन गेलो, तर सर हातात लाल पेन घेऊन रिपोर्ट वाचत बसलेले.

"पाचवा कुठं गेला?"

साळवे गोड आवाजात म्हणाला, "सर, चार म्हणजे बी फर्स्ट क्लासच असते. पुढच्या वेळी..."

"साळवे," सरांनी चष्मा काढला, "हे वाक्य मी जन्मभर पालकांना ऐकवलं. मला नका ऐकवू!"

*

सिद्धेश्वरला धरणाजवळ एका शिक्षकाचं घर केलं. तिथल्या नळांना बारीक जाळी बसवली. पाण्यात हवा मिसळते, हात तितकेच स्वच्छ होतात आणि पाणी कमी लागतं. शिक्षकांच्या आई गयाबाई. त्यांनी नळ सोडला, बंद केला, पुन्हा सोडला.

"काहून बाई, धरण आमच्या उशाला, अन् नळाचं असं नाक काहून चोंदलं?"

मी खूप समजावलं. त्यांनी नुसतं "बरं" म्हटलं. त्या "बरं"मध्ये किती अर्थ असतो, ते मराठवाड्यात राहिल्याशिवाय कळत नाही!

पुढं एकदा त्यांचाच फोन आला. म्हटलं, आता नळ काढून न्या म्हणणार.

"पाव्हण्यांच्या न्हाणीतला नळ राहिला की तुमचा. तिथं बी तसाच लावा."

"आवडला म्हणा की मग!"

"मला कुठं? पण त्याच्यानं पाव्हणे लवकर जातेत!"

*

सामान जवळून आणलं किंवा जुनंच पुन्हा वापरलं, तरी मार्क मिळतात. वारंगा फाट्यावर विठ्ठलरावांचं हॉटेल आहे, मागं घर. तपासणीला पुण्याहून एक तरुण मॅडम आल्या होत्या. सागवानी दारापाशी थांबल्या.

"दार जुनं दिसतंय. कुठून आणलं?"

"सासुरवाडीहून."

"किती लांब आहे?"

विठ्ठलरावांनी आत पाहिलं, आवाज बारीक केला. "लई जवळ हाय मॅडम. तीच तर तकलीफ हाय!"

आतून बांगड्या वाजल्या. "ऐकू येऊन राहिलं मला! दार परत घेऊन जाऊ का?"

*

आणि सुनंदाताई. कळमनुरीकडच्या एका गावात राहतात, नर्स आहेत. नवऱ्याला, सासूला पटवून त्यांनी घराच्या भिंती विटा उभ्या लावून, मध्ये पोकळी ठेवून बांधून घेतल्या. पोकळीमुळं उन्हाचा ताव आत येत नाही. पण गावात नाव पडलं, 'पोकळ घर'! सगळ्यात पुढं त्यांचे धाकटे दीर, दिनकरराव.

"वहिनी, भिंतीत हवा कितीक भरली? पंक्चर झालं तर?"

ते ऐकून सासूबाई भिंत पडेल या भीतीनं अंगणातच झोपायला लागल्या. सुनंदाताई मला म्हणाल्या, "मॅडम, हे घर नापास झालं तर मी गावात तोंड कसं दाखवू?"

तपासणी आली भर मे महिन्यात, आणि त्या दिवशी सकाळपासून लाईट गुल. आलेले साहेब घामानं भिजलेले, कपाळावर आठ्या. पाणीसुद्धा घेईनात. एक थर्मामीटर बाहेर टांगला, एक आत ठेवला. "रीडिंग स्थिर होऊ द्या," एवढंच बोलून भिंतीला टेकून बाजेवर बसले.

आम्ही दाराशी उभे. साहेबांनी डोळे मिटले. मान हळूहळू कलली. मग ते घोरायलाच लागले!

उठवावं की नाही? साळवे माझ्याकडं बघतोय, मी सुनंदाताईंकडं. एवढ्यात बाहेर दिनकररावांची मोटारसायकल, आणि हॉर्न. सुनंदाताई धावतच दारात गेल्या.

"शू! भाऊजी, साहेब घर मोजून राहिले!"

दिनकररावांनी आत डोकावलं. घोरणाऱ्या साहेबांकडं पाहिलं, बंद पंख्याकडं पाहिलं, भिंतीवर तळहात टेकवला. चपला काढल्या, गमछा उशाला घेतला आणि समोरच्या भिंतीकडेला फरशीवर आडवे झाले.

थोड्या वेळानं तिकडूनही घोरणं सुरू झालं.

सुनंदाताई माझ्या कानाशी वाकल्या. "मॅडम, साहेबांचं समजलं. हे काय मोजून राहिले?"